वंशवेलीचा मागोवा : हिंगोलीच्या जुन्या दप्तरांतून

'नामा वलद मारोती, कास्तकार.' निजामी अमदानीतील गावकागदांत अशी चार शब्दांची नोंद आढळते आणि तेवढ्या आधारावर एखाद्या कुटुंबाचा शंभर वर्षांचा वृत्तांत उभा राहतो, किंवा उभा राहता राहता कोसळतो. या नोंदीत आडनाव नाही, वय नाही, आईच्या नावाचा तर प्रश्नच नाही. त्याच गावात त्याच सुमारास आणखी दोन नामा असू शकतात आणि त्यांतील एकाच्या वडिलांचे नावही मारोती असू शकते. हा नामा नेमका कोणाचा पूर्वज, हे केवळ ऐकीव माहितीवर न सोडता कागदाच्या साहाय्याने ठरवून देणारा मनुष्य म्हणजे वंशावळीकार होय.

वंशावळ हा विषय एके काळी घराण्याच्या प्रतिष्ठेचा मानला जात असे. आता तो शेतजमिनीच्या वारसाचा, विद्यार्थ्याच्या प्रवेशाचा आणि तरुणाच्या नोकरीचा झाला आहे. महाराष्ट्रात जातीच्या प्रमाणपत्राबाबत २००० सालचा अधिनियम लागू असून आपण अमुक जातीचे वा जमातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी या अधिनियमाने अर्जदारावरच टाकली आहे. त्यासाठी अर्जदाराला वडील, आजोबा, पणजोबा या क्रमाने मागे जावे लागते. अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५०, तर इतर मागासवर्गांच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ हा दिनांक निर्णायक मानण्यात येतो. त्या दिवसापूर्वीचा कागद आणि आजचा अर्जदार यांच्यामध्ये जी माणसे होऊन गेली, त्यांची साखळी म्हणजे वंशावळ. एक कडी सुटली की मागचा कागद कितीही अस्सल असला तरी अर्जदाराच्या उपयोगी पडत नाही.

हिंगोली जिल्ह्यात ही साखळी जुळविणे विशेष अवघड आहे आणि त्याची कारणे इतिहासात आहेत. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात होता. पंचाऐंशी वर्षांचा एखादा शेतकरी आपले गाव न सोडता एवढ्या राजवटींचा रहिवासी झाला आहे. प्रत्येक राजवटीने आपली दप्तरे आपल्या पद्धतीने लिहिली. गावाच्या पटवाऱ्याचा कागद मोडीत, तहशिलीचा कागद उर्दूत आणि त्याहून जुना असल्यास फारशीत, तर पुढचा कागद बाळबोधीत, अशी एकाच घराण्याची कागदपत्रे निघतात.

मुखोद्गत वंशावळी

कागद हा वंशावळीचा एकमेव आधार मात्र कधीच नव्हता. दक्षिण महाराष्ट्रात व लगतच्या कर्नाटकात हेळवी नावाचा समाज पिढ्यान्पिढ्या हेच काम करीत आला आहे. बैल घेऊन गावोगाव हिंडावे, ठरलेल्या कुळांच्या दारी जाऊन मूळ पुरुषापासून नावे म्हणून दाखवावीत, मागील फेरीनंतर जन्मलेल्यांची नावे त्यात भरावीत आणि धान्य किंवा बिदागी घेऊन पुढच्या गावी जावे, असा त्यांचा क्रम असे. मराठवाड्यात भाटांच्या पोथ्या प्रसिद्ध होत्या. हिंगोली जिल्ह्यातील तांड्यांवर राहणाऱ्या बंजारा समाजात ढाडी हे गोत व पाड्यांची परंपरा गाऊन सांगत. नाशिक, त्र्यंबकेश्वर आदी क्षेत्रांच्या ठिकाणी तीर्थोपाध्यायांजवळ गाववार नामावळ्या आहेत. यात्रेकरू येतो, आपल्या वाडवडिलांच्या नावांखाली आपले व मुलांचे नाव लिहवितो आणि आपल्या हाताने त्यावर सही करतो. हरिद्वार व अन्य क्षेत्रांतील अशा वह्यांचे सूक्ष्मपटावर चित्रण करण्याचे काम अमेरिकेतील यूटा येथील वंशेतिहास संस्थेने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती घेतले, यावरून या वह्यांचे मोल ध्यानात यावे.

नामावळी आणि भाटाची पोथी यांत एक भेद आहे आणि तो चांगला वंशावळीकार कधीही विसरत नाही. नामावळीतील नोंद प्रत्यक्ष त्या मनुष्याने त्या वेळी सांगितलेली असते. पोथीतील अलीकडच्या चार पिढ्या बहुधा विश्वसनीय असतात. पण त्यांच्या वरच्या शाखेत सूर्यवंश, चंद्रवंश किंवा एखादे राजघराणे डोकावू लागले की हात आखडता घ्यावा लागतो. यजमानाला जे ऐकावयाचे असते ते सांगण्याचा मोह सर्वच देशांतील वंशगायकांना झालेला आहे. अमेरिकेतील लेखक अलेक्स हॅले यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रूट्स' या ग्रंथात आपला गुलाम पूर्वज पश्चिम आफ्रिकेतील गांबियामधून नेला गेल्याचे तेथील एका वंशगायकाच्या कथनावरून मांडले. ग्रंथाने जगभर वंशेतिहासाची ओढ निर्माण केली. तथापि तो गायक कितपत जाणकार होता आणि हॅले यांना काय हवे होते याची त्याला आगाऊ कल्पना होती काय, असे प्रश्न पुढे संशोधकांनी उपस्थित केले व ते आजही मिटलेले नाहीत.

आपल्याकडेही जुन्या वतनी तंट्यांत असेच घडत असे. पाटीलकी किंवा देशमुखी कोणाची, याचा निवाडा गोतसभेपुढे होई, महजर लिहिला जाई आणि दोन्ही पक्ष आपापली वंशावळ मूळ पुरुषापासून सादर करीत. दोन्ही वंशावळी खऱ्या असणे शक्य नसे.

एका संताचे घराणे

हिंगोली जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध कुटुंब कोणते असे विचारल्यास नरसी नामदेव या गावाकडेच बोट दाखवावे लागेल. संत नामदेवांचा जन्म १२७० मध्ये येथे झाला अशी परंपरा आहे. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, पुत्र नारा, विठा, गोंदा व म्हादा, कन्या लिंबाई ही सर्व नावे वारकरी परंपरेने जपली आहेत. वंशावळीकाराच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, एवढ्या सुपरिचित घराण्याच्या बाबतीतही मूळ गावाविषयी वाद आहे. काही अभ्यासकांनी कऱ्हाडजवळील नरसिंगपूर हे जन्मस्थान मानले आहे, तर काहींनी पंढरपूर. नामसाधर्म्य हा वंशावळीचा सर्वांत जुना शत्रू आहे.

दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या एका शिंपी कुटुंबातील आई, पत्नी, बहीण आणि मुलगी यांची नावे आपणांस ठाऊक आहेत, कारण त्या घरातील स्त्रियांच्या नावावरही अभंग आहेत. मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या महसुली दप्तरात बहुतेक घरांतील स्त्री सापडत नाही. सापडलीच तर ती 'गंगाबाई कोम मारोती' अशी, म्हणजे मारोतीची बायको म्हणून, आणि तीही बहुधा विधवा होऊन जमीन तिच्या नावावर आल्यानंतर. 'कोम', 'जौजे', 'भ्रतार' हे शब्द नवऱ्याकडे बोट दाखवितात. माहेरचा धागा तेथे तुटतो.

कागदाचे सन

लिपी येणे ही या व्यवसायाची पहिली पायरी. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि प्रत्येक लेखकाचे वळण वेगळे असते. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडी लिपीचे प्रशिक्षण वर्ग घेण्यात येतात. निवृत्त शिक्षक, इतिहासाचे पदवीधर आणि महसूल खात्यातील जुने कर्मचारी असे अनेक जण त्यातून या कामाकडे वळले आहेत. उर्दूसाठी गावातील एखाद्या वृद्ध मौलवींचे किंवा जुन्या माध्यमात शिकलेल्या सद्गृहस्थांचे साहाय्य घ्यावे लागते. अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

अक्षर लागले तरी काम संपत नाही, कारण सन लावावयाचा राहतो. समजा, कागदावर केवळ '१३४३' हा आकडा आहे. तो शालिवाहन शक असणे शक्य नाही, कारण मग तो कागद १४२१ चा ठरेल. पण तो हिजरी सन असल्यास इसवी १९२४-२५ होते. फसली असल्यास ५९० मिळवून १९३३-३४ येते. आणि जुन्या मराठी कागदांत वापरला जाणारा शुहूर सन असल्यास ५९९ मिळवून १९४२-४३ निघते, मात्र विसाव्या शतकातील महसुली कागदावर ती शक्यता फारशी उरत नाही. हिजरी व फसली यांतील नऊ वर्षांच्या या फरकाने सोळा वर्षांचा मुलगा सात वर्षांचा होतो. वडिलांच्या मृत्यूनंतर मुलाचा जन्म दाखविणाऱ्या वंशावळी अशाच चुकीतून तयार होतात. निजामी महसुली कारभार फसली सनावर चालत असे. हैदराबादचा जमीन महसूल कायदाही '१३१७ फसली'चा, म्हणजे १९०७ चा म्हणूनच ओळखला जातो. कागदावर आजूर, दय, बहमन, खुर्दाद अशा महिन्यांची नावे आढळली तर तो फसली आहे हे निश्चित समजावे. मोहरम, सफर, रज्जब असे महिने असल्यास हिजरीचा विचार करावा. तेव्हा सनाचा आकडा पाहण्यापूर्वी महिना पाहावा, अशी या क्षेत्रातील जाणकारांची रीत आहे.

पैनगंगेच्या दोन बाजू

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. पलीकडे वाशीम व यवतमाळ, म्हणजे जुना वऱ्हाड. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. नदीच्या दोन्ही तीरांवर सोयरीक, भाऊबंदकी, देवदेवक सारे एक. पण दप्तर निराळे. पलीकडच्या भावाच्या शाखेत इंग्रजी पद्धतीची पाहणी आणि जन्ममृत्यूच्या नोंदी सापडतात, तर अलीकडच्या भावाच्या शाखेत तेवढ्याच जुन्या काळाचा एकही कागद हाती लागत नाही, असे अनेकदा घडते. अशा वेळी दोन्ही शाखांचा समान पूर्वज कागदावर सिद्ध करून देणे हे वंशावळीकाराचे खरे कौशल्य ठरते.

हिंगोली गावातच या विषमतेचे आणखी एक उदाहरण होते. येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. छावण्यांमधील इंग्रज कुटुंबांत मूल जन्मले की त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद होई आणि तिची प्रत समुद्रापार जाई. आज इंग्लंडमधील वंशज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत बसून इंडिया ऑफिसच्या अभिलेखांतून अशा नोंदी काढू शकतात. छावणीला दूध घालणाऱ्या गवळ्याच्या मुलाचे नाव मात्र पटवाऱ्याच्या बस्त्यात आले तर आले.

कडीला कडी

प्रत्यक्ष काम आजपासून मागे जाते. आरंभ घरातील वृद्धांपासून होतो. त्यांनी सांगितलेली नावे, दत्तकविधाने, गाव सोडून गेलेले चुलते, दुसरेपणाची लग्ने हे सारे टिपून घ्यावयाचे. पण पुरावा म्हणून नव्हे, तर शोधाचा नकाशा म्हणून. त्यानंतर शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही. मराठवाड्यातील पुष्कळ घरांना आडनाव प्रथम याच नोंदवहीत चिकटले, तेही गुरुजींनी सुचविले म्हणून. एका भावाने गावाचे नाव लावले, दुसऱ्याने पाटीलकीचे आणि तिसऱ्याने कुळाचे, असे झाल्यास पुढील पिढीला आपण सख्खे चुलत आहोत हे सिद्ध करावे लागते.

शाळेनंतर महसुली कागद. वारसाचा फेरफार हा त्यांतील अत्यंत मोलाचा, कारण मयत मनुष्य आणि त्याचे वारस त्यात एकाच ठिकाणी, नात्यासह लिहिलेले असतात. त्यामागे १९५४-५५ चे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, १९५१ ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही, कुळ नोंदवही आणि त्यापलीकडे निजामी काळातील सेतवार, वसूलबाकी व इनामी जमीन असल्यास मुंतखब. खरेदीखत, इसारपावती, बटाईपत्रक, मृत्युपत्र हे नोंदणी कार्यालयातील दस्त अनेकदा अनपेक्षित साहाय्य करतात. जिल्हा १९९९ मध्ये निर्माण झाल्याने जुन्या कागदांसाठी परभणीचा, पुराभिलेख कार्यालयासाठी छत्रपती संभाजीनगरचा आणि प्रसंगी थेट हैदराबादचा रस्ता धरावा लागतो.

या शोधाला २०२३ पासून मराठवाड्यात मोठी गती आली. मराठा समाजातील व्यक्तींच्या निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्याची कार्यपद्धती ठरविण्यासाठी राज्य शासनाने ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. महसूल, शिक्षण, भूमि अभिलेख, नोंदणी, पोलीस, कारागृह अशा अनेक खात्यांची जुनी दप्तरे त्यानिमित्ताने उघडण्यात आली आणि मोडी व उर्दू वाचकांची चणचण सर्वांच्या लक्षात आली. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरच्या संदर्भात गावपातळीवर चौकशीसाठी ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांची समिती ठरवून दिली. या प्रश्नाच्या सामाजिक व न्यायालयीन बाजूंविषयी मतभेद आहेत. वंशावळीच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच की, गॅझेटियरमध्ये जातवार लोकसंख्येचे आकडे असतात, व्यक्तींची नावे नसतात. आकड्यापासून माणसापर्यंतचे अंतर घरच्या कागदांनीच तोडावे लागते.

ज्यांच्याजवळ जमीनच नव्हती त्यांची अडचण याहून मोठी आहे. कळमनुरी व परिसरात आंध या आदिवासी समाजाची वस्ती आहे. आंध विद्यार्थ्याला १९५० पूर्वीचा दाखला हवा असतो. पणजोबा दुसऱ्याच्या शेतात सालगडी असेल, आजोबा शाळेत गेला नसेल, तर महसुली आणि शैक्षणिक ही दोन्ही दप्तरे मुकी राहतात. अशा प्रकरणी गावकोतवालाचे बुक, पोलिसांची गाववारी नोंदवही, साक्षीदार म्हणून खरेदीखतावर उमटलेला एखादा अंगठा आणि त्याखाली लेखकाने लिहिलेले नाव-जात, असे आडवळणाचे पुरावे शोधावे लागतात. भूमिहीन घराण्याची वंशावळ जुळविणारा माणूस अधिक कष्ट घेतो आणि त्याला बहुधा मोबदला कमी मिळतो. ही या व्यवसायातील उघड उणीव आहे.

काय सांगावे, कसे सांगावे

शोध पूर्ण झाल्यावर तो कुटुंबाच्या स्वाधीन करणे हा कामाचा दुसरा अर्धा भाग. भाट दारात उभा राहून वंशावळ म्हणे तेव्हा सारी आळी ऐके. आजच्या वंशावळीकाराला तसे करता येत नाही. कच्च्या कैद्यांच्या नोंदवहीत पणजोबाचे नाव आणि जात सापडली तर पुरावा उत्तम; पण ती गोष्ट घरातील किती जणांना ठाऊक असावी, हे त्या घराने ठरवावयाचे असते. दत्तकाची नोंद निघाली तर 'वलद'पुढील नाव बदललेले दिसते आणि आपण ज्या वाड्यात वाढलो तो रक्ताने आपला नव्हता हे एखाद्याला उतारवयात प्रथमच कळते. जमिनीच्या वाटणीतून वगळलेल्या बहिणींची नावे वर आली तर जुने तंटे नव्याने उभे राहण्याची शक्यता असते. जाणते वंशावळीकार अशा वेळी कागद लपवीत नाहीत. मात्र तो चारचौघांत वाचूनही दाखवीत नाहीत.

याहून कठीण प्रसंग साखळी जुळत नाही तेव्हाचा. घरातील मुलाचा प्रवेश अडलेला असतो, मुदत जवळ आलेली असते आणि शेजारच्या घराण्यातील एक सोयीचा मारोती समोरच्या कागदावर दिसत असतो. त्या मारोतीला आपलासा करून घ्यावा, असा आग्रह धरला जातो. खोट्या माहितीवर मिळविलेले प्रमाणपत्र रद्द होते, त्यावर मिळालेले लाभ काढून घेतले जातात आणि असे प्रमाणपत्र मिळविणे हा गुन्हाही आहे. पडताळणी समितीपुढे दक्षता पथकाची चौकशी होते तेव्हा गावातील वृद्धांना विचारले जाते व दुसऱ्या घराण्याचा खरा वंशज तेथे उभा राहू शकतो. चार वर्षांचे शिक्षण पूर्ण झाल्यावर ही वेळ आली तर त्या विद्यार्थ्याची स्थिती काय होते, हे सांगावयास नको.

म्हणून नीट काम करणारे वंशावळीकार कुटुंबाला केवळ नावांचा तक्ता देत नाहीत. प्रत्येक नावाबरोबर मूळ कागदाची प्रमाणित नक्कल, तिचे देवनागरी लिप्यंतर, आजच्या मराठीतील अर्थ आणि सनाचे रूपांतर कसे केले ते जोडतात. पिता-पुत्र हे नाते ज्या कागदावरून घेतले त्याचे नाव दोघांना जोडणाऱ्या रेघेवरच लिहितात. जेथे नाते कागदावर आढळले नाही, केवळ घरातील सांगीव आहे, तेथे ती रेघ तुटक काढतात आणि कोणती दप्तरे पाहून झाली व कोणती पाहावयाची राहिली आहेत, त्यांची यादी बाजूच्या कोऱ्या जागेत मांडून ठेवतात.